संकेतस्थळावर कोण येत नाही?

स्वयंसेवी संस्थेचे संकेतस्थळ कोणीही उघडले की सर्व्हरवर त्या भेटीची एक ओळ नोंदली जाते, आणि त्या ओळीत भेटीची वेळ, पाहिलेले पान व वापरलेले उपकरण यांच्याबरोबर ज्या जोडणीवरून ही भेट घडली तिचा आयपी पत्ताही असतो. या पत्त्यावरून भेट देणारी व्यक्ती कोणत्या देशातून, राज्यातून किंवा शहरातून आली असावी याचा अंदाज बांधता येतो. अशा हजारो अंदाजांची बेरीज करून तयार होणारा नकाशा आज कोणत्याही विश्लेषण साधनात फुकट मिळतो. पुढचे शिबिर कोठे घ्यावे, पत्रके कोणत्या भाषेत छापावीत, कार्यकर्ता कोणत्या जिल्ह्यात नेमावा, असे खर्चाचे निर्णय या नकाशावर बेतण्याची पद्धत त्यामुळे लहान संस्थांतही रुळत चालली आहे. नकाशा उपयोगाचा आहे यात शंका नाही, परंतु तो नेमके काय मोजतो हे समजून न घेता वापरला, तर ज्या भागात संस्था आधीच पोहोचली आहे तेथेच तिला पुन्हा पुन्हा घेऊन जातो.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाला, किंवा बरेचदा उपकरणांच्या समूहाला, मिळालेला क्रमांक होय. जुन्या चौथ्या आवृत्तीत हा क्रमांक 32 बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा 32 अंकांचा, असल्यामुळे असे एकूण 4,29,49,67,296 पत्तेच शक्य आहेत. या पत्त्यांचे गठ्ठे जागतिक पातळीवरून पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटले जात. आशिया व प्रशांत महासागराच्या प्रदेशासाठी ही जबाबदारी ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथून चालणाऱ्या एपीनिक या संस्थेकडे आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये जागतिक साठ्यातील अखेरचे गठ्ठे वाटून झाले, आणि तेव्हापासून एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरण्याची सोय दूरसंचार कंपन्यांना अधिकाधिक करावी लागली. पत्ता हा शब्द येथे काहीसा फसवा आहे, कारण त्या क्रमांकात गाव, गल्ली किंवा घर यांपैकी काहीच लिहिलेले नसते. तो कोणत्या कंपनीला दिला गेला एवढेच नोंदणीतून निश्चित कळते, आणि त्यापुढचे सारे अनुमान असते.

हे अनुमान करून विकणाऱ्या कंपन्यांपैकी अमेरिकेतील मॅक्समाइंड ही 2002 पासून या धंद्यात आहे. अशा कंपन्या नोंदणी संस्थांकडील माहिती घेतात, इंटरनेट पुरवठादारांनी स्वतः जाहीर केलेल्या याद्या वापरतात, आणि संकेत पाठवून तो परत येण्यास लागणारा वेळही मोजतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून एखाद्या पत्त्याकडून दहा मिलिसेकंदांत उत्तर परत आले, तर तो पत्ता हजार किलोमीटरांच्या पलीकडे असूच शकत नाही, असा हिशेब मांडता येतो. अशा अनेक हिशेबांतून प्रत्येक गठ्ठ्याला अक्षांश-रेखांश आणि त्यासोबत अचूकतेची त्रिज्या दिली जाते, म्हणजे खरे ठिकाण या बिंदूपासून किती किलोमीटरांच्या आत असावे हे सांगितले जाते. अहवालाच्या पडद्यावर शहराचे नाव दिसते आणि त्रिज्या सहसा दिसत नाही. बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

त्रिज्या विसरली गेली की काय होते याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस राज्यात घडले. एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढेच ठाऊक असेल, त्याहून अधिक काही कळत नसेल, तर मॅक्समाइंडचा डेटाबेस त्याला देशाच्या मध्यभागाजवळचा एक ठोकळ बिंदू देत असे. हा बिंदू, म्हणजे 38 अंश उत्तर आणि 97 अंश पश्चिम, पॉटविन या खेड्याजवळच्या एका शेतावर पडत होता. कालांतराने साठ कोटींहून अधिक आयपी पत्ते या एका शेतावर नोंदले गेले. पत्रकार कश्मीर हिल यांनी 2016 मध्ये हे प्रकरण उजेडात आणले तोपर्यंत कित्येक वर्षे तेथील रहिवाशांकडे पोलीस, केंद्रीय तपास अधिकारी, करखात्याची माणसे आणि फसवणूक झालेले संतप्त नागरिक येऊन धडकत होते. ज्यांच्या शोधात ते आले होते त्यांचा या शेताशी काडीचाही संबंध नव्हता. डेटाबेसने ‘ठाऊक नाही’ असे म्हटले होते आणि वाचणाऱ्यांनी ते ‘येथे’ असे वाचले होते. कंपनीने नंतर हा बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेकडील जलाशयात हलवला, जेणेकरून चुकून शोध घ्यायला येणाऱ्याला तेथे पाण्याखेरीज काही सापडू नये.

स्वयंसेवी संस्थेच्या अहवालात एवढे नाट्य नसते, पण चूक त्याच जातीची असते. भारतातील बहुसंख्य वाचक मोबाइलवरून येतात, आणि मोबाइल जोडणीतील माहिती ग्राहकाच्या जवळच्या टॉवरवरून थेट जगात न जाता कंपनीच्या मोजक्या केंद्रांतून बाहेर पडते, त्यामुळे खेड्यातला वाचक त्या केंद्राच्या शहरात नोंदला जाऊ शकतो. दूरसंचार खात्याने देशाचे 22 सेवाक्षेत्रांत विभाजन केले आहे आणि या सेवाक्षेत्रांना बोलीभाषेत ‘सर्कल’ म्हणतात; त्यांपैकी महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा राज्य येते, तर मुंबईचे सर्कल स्वतंत्र आहे. राज्याचा राजकीय नकाशा आणि जाळ्याचा नकाशा असे एकमेकांवर तंतोतंत बसत नसल्यामुळे, अहवालात मुंबई किंवा पुणे यांच्या नावासमोर दिसणारा मोठा आकडा हा अंशतः शहराचा आणि अंशतः जाळ्याच्या रचनेचा असतो. भुसावळ किंवा कणकवली येथून कोणी येतच नाही असे त्यावरून ठरवणे धाडसाचे होईल.

याखेरीज काही भेटी माणसांच्या नसतातच. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले ॲशबर्न आणि ऑरेगन राज्यातले बोर्डमन ही नावे जगभरच्या असंख्य अहवालांत वरच्या क्रमांकावर झळकतात, कारण तेथे प्रचंड डेटा केंद्रे आहेत आणि पाने चाळणारे स्वयंचलित प्रोग्रॅम तेथून चालतात. बोर्डमन हे कोलंबिया नदीकाठचे लहानसे गाव आहे. तेथील वाचकांचा प्रतिसाद पाहून हुरळून गेलेल्या विश्वस्तांनी तेथे देणगीदारांचा मेळावा भरवला, तर व्यासपीठावरच्यांपेक्षा समोर बसलेले कमी भरतील. अशा भेटी वजा केल्यावर, आणि आभासी खासगी जाळे म्हणजे व्हीपीएन वापरून स्वतःचे ठिकाण लपवणाऱ्यांचा वाटा लक्षात घेतल्यावर, देश जवळजवळ नेहमी बरोबर, राज्य बहुधा बरोबर आणि शहर मात्र ताडून पाहण्यासारखे, अशी विश्वासाची उतरंड हाती उरते.

ठिकाण अचूक कळले तरी पुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न छेदाचा आहे. नुसता आकडा मोठ्या शहराच्या बाजूने झुकतो, कारण तेथे माणसेच अधिक असतात. म्हणून भेटींना त्या भागातील लोकसंख्येने भागून दर लाखामागे किती वाचक आले हे काढावे लागते. वनहक्क कायद्याची माहिती देणारी एक संस्था कल्पिली, आणि तिच्या संकेतस्थळावर वर्षभरात पुणे जिल्ह्यातून 9,400 व गडचिरोली जिल्ह्यातून 320 वाचक आले असे समजले, तर 2011 च्या जनगणनेप्रमाणे पुण्याची लोकसंख्या 94.29 लाख आणि गडचिरोलीची 10.73 लाख असल्यामुळे दर लाखामागे पुण्याचे सुमारे 100 आणि गडचिरोलीचे सुमारे 30 वाचक भरतात. एकोणतीस पटींचे अंतर साडेतीन पटींच्या आत आले. पण येथे थांबणे चुकीचे ठरेल, कारण 2006 चा वनहक्क कायदा सर्व रहिवाशांसाठी नसून अनुसूचित जमाती आणि पिढ्यान्‌पिढ्या वनावर अवलंबून असलेले इतर समाज यांच्यासाठी आहे. त्याच जनगणनेत गडचिरोलीतील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 4.15 लाख आणि पुण्यातील सुमारे साडेतीन लाख होती. ज्यांना या माहितीची गरज पडू शकते असे लोक गडचिरोलीत संख्येनेही अधिक आहेत, आणि तरी तेथून आलेले वाचक पुण्याच्या साडेतीन टक्क्यांएवढेही नाहीत.

मग पुण्याचे ते 9,400 कोण, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्यांत कायद्याचे विद्यार्थी, संशोधक, पत्रकार, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे उमेदवार आणि इतर संस्थांचे कार्यकर्ते असण्याचा संभव दांडगा आहे. ठिकाणाच्या नोंदीशेजारी पाहिलेल्या पानाची नोंद ठेवली की हे काही प्रमाणात उलगडते: कायद्याचा इतिहास सांगणारे पान वाचून निघून जाणारा वाचक आणि दाव्याचा अर्ज उतरवून घेऊन ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना शोधणारा वाचक हे एकाच बेरजेत धरण्याजोगे नाहीत. गडचिरोलीच्या 320 जणांपैकी 200 जणांनी अर्ज उतरवून घेतला असेल, तर संस्थेच्या दृष्टीने तो जिल्हा मुळीच थंड नाही; तेथे रस्ता सापडलेले थोडे लोक आहेत आणि तो इतरांना दाखवणे बाकी आहे. शिवाय तेथील काही भेटी नागपूरच्या नावावर पडल्या असण्याची शक्यता धरून, जिल्ह्याऐवजी संपूर्ण नागपूर विभागाचा आकडा तपासणे अधिक सुरक्षित ठरते.

छेद लहान असला की आणखी एक सापळा तयार होतो. अमेरिकेतील परगण्यांनुसार मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे दर पाहिले असता सर्वांत कमी दराचे परगणे विरळ वस्तीचे ग्रामीण भाग निघतात, आणि सर्वांत अधिक दराचे परगणेही तसलेच विरळ वस्तीचे ग्रामीण भाग निघतात. हवापाणी किंवा आहार यांत याचे कारण शोधण्याची गरज नाही. थोड्या लोकसंख्येत एखाद-दुसरी घटना इकडेतिकडे झाली तरी दर वरखाली उसळतो, हा संख्याशास्त्राचा साधा नियम त्यामागे आहे. एखाद्या तालुक्यातून एका महिन्यात चार आणि पुढच्या महिन्यात बारा भेटी आल्या, तर तिप्पट वाढ झाली असे कार्यवृत्तात लिहिण्याचा मोह होतो, परंतु एखाद्या शिक्षकाने वर्गातल्या आठ मुलांना दुवा पाठवला एवढेही त्यामागचे कारण असू शकते. लहान भागांसाठी महिन्याऐवजी निदान वर्षाची बेरीज पाहावी.

तरीही वर केलेल्या साऱ्या दुरुस्त्या आलेल्यांच्या मोजणीच्या आहेत. न आलेल्यांविषयी ही नोंद मूक असते, आणि संस्थेचा जनसंपर्क तर मुख्यतः त्यांच्यासाठीच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांपैकी 33.3 टक्के आणि पुरुषांपैकी 57.1 टक्के यांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. म्हणजे त्या वेळी तीनपैकी दोन स्त्रिया कोणत्याही संकेतस्थळाच्या नोंदीत स्वतःच्या हाताने येणे शक्यच नव्हते. बाळंतपण, पोषण किंवा कौटुंबिक हिंसा यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने केवळ भेटींच्या नकाशावर कार्यक्षेत्र आखले, तर ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्याच दाराशी ती वारंवार जाईल. एखाद्या भागातून भेटी न येण्याची कारणे अनेक असू शकतात: जोडणी नसणे, भाषा न कळणे, संस्थेचे नावच ठाऊक नसणे, किंवा जवळच दुसरी चांगली संस्था असल्यामुळे गरजच न भासणे. नकाशावर ही चारही कारणे सारख्याच फिकट रंगात दिसतात.

या बाबतीत विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा अनुभव बोलका आहे. ही नफा न कमावणारी संस्था भेटीच्या ठिकाणाचा उपयोग अनेक प्रकारे करते. देणगीचे आवाहन कोणत्या देशातील वाचकांना केव्हा दिसावे हे त्यावरून ठरते, आणि इंग्रजी विकिपीडियावर एखाद्या प्रदेशात संपादकांचा मेळावा असेल तर त्याची सूचना त्याच प्रदेशातून आलेल्या संपादकांना दाखवण्याची सोयही आहे. कोणत्या देशातून किती पाने पाहिली गेली हे फाउंडेशनला नेमके ठाऊक होते, आणि लोकसंख्येच्या व इंटरनेटच्या प्रसाराच्या मानाने भारत, नायजेरिया यांसारख्या देशांत वापर कमी आहे हेही त्यातून दिसत होते. दिसत नव्हते ते कारण. मोबाइल डेटा महाग असणे हेच कारण असावे या समजुतीने 2012 मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या साह्याने ‘विकिपीडिया झीरो’ ही फुकट वाचनाची योजना सुरू झाली होती. पुढे 2016 मध्ये नायजेरिया, भारत, मेक्सिको आणि इजिप्त येथे प्रत्यक्ष मुलाखती व फोनवरील सर्वेक्षणे करून विचारणा केली गेली, तेव्हा इंटरनेट वापरणाऱ्या पुष्कळ लोकांना विकिपीडिया म्हणजे काय हेच ठाऊक नसल्याचे आढळले. ‘विकिपीडिया झीरो’ 2018 मध्ये बंद करण्यात आली, आणि नायजेरियात तसेच हिंदी भाषक भारतात ओळख करून देणाऱ्या चित्रफितींकडे लक्ष वळले. नकाशाने कोठे विचारायचे ते सांगितले. काय विचारायचे आणि उत्तर काय, हे फोन करून आणि समोर बसूनच कळले.

ठिकाण आणि भाषा यांची सांगड घालतानाही अशीच सावधगिरी लागते. 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे 8.30 कोटी लोक होते आणि त्यांपैकी सुमारे साडेपंचावन्न लाख महाराष्ट्राबाहेर, विशेषतः कर्नाटक, मध्य प्रदेश आणि गुजरात या राज्यांत राहत होते. बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथून मराठी पान वाचणारा वाचक राज्यनिहाय गाळणीत ‘क्षेत्राबाहेरचा’ म्हणून वगळला जातो. गूगलकडून नोंदणीकृत संस्थांना मिळणाऱ्या दरमहा दहा हजार डॉलरपर्यंतच्या मोफत जाहिरातींसाठी प्रदेश निवडावाच लागतो, आणि तेथे ‘महाराष्ट्र’ एवढीच खूण केली की हे साडेपंचावन्न लाख लोक आपोआप बाहेर पडतात. फोनची भाषा पाहूनही काम भागत नाही, कारण मराठी वाचणाऱ्या अनेकांचे फोन इंग्रजीतच चालतात.

गोपनीयतेचा मुद्दा स्वयंसेवी संस्थांच्या बाबतीत दुकानदारीच्या संकेतस्थळांपेक्षा अधिक टोकदार असतो, कारण त्यांच्या पानावर येणे हीच कित्येकदा नाजूक माहिती असते. एचआयव्ही, व्यसनमुक्ती, गर्भपात किंवा घरातील मारहाण यांविषयीचे पान एका लहान गावातून मध्यरात्री एकदाच पाहिले गेले, तर गाव, वेळ आणि पान या तीन गोष्टींवरून ओळखीच्या माणसाला वाचणारी व्यक्ती ताडता येणे अशक्य नसते. अमेरिकेतील ‘द मार्कअप’ या शोधपत्रकारितेच्या प्रकाशनाने 2021 मध्ये 23 हजारांहून अधिक स्वयंसेवी संस्थांची संकेतस्थळे तपासली, तेव्हा त्यांतील बहुसंख्य स्थळांवर तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे संस्था किंवा वाचक यांच्याखेरीज इतरांचे, माग ठेवणारे कोड सापडले. फुकट मिळालेल्या साधनाबरोबर ते आपसूक आले होते आणि बऱ्याच संस्थांना त्याचा पत्ताही नव्हता. युरोपीय न्यायालयाने 2016 मध्ये ब्रायर विरुद्ध जर्मनी या खटल्यात बदलता आयपी पत्ताही ठरावीक परिस्थितीत वैयक्तिक माहिती ठरू शकतो असा निर्णय दिला. भारतात 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्ती ओळखता येईल अशा डिजिटल माहितीसाठी आहे, आणि सेवाभावी हेतू असला म्हणून संस्थेला त्यातून सरसकट सूट मिळत नाही.

साधनेही या दिशेने बदलत आहेत. गूगल ॲनालिटिक्सची सध्याची चौथी आवृत्ती पत्त्यावरून शहराचा अंदाज घेऊन मूळ पत्ता साठवत नाही असे कंपनी सांगते, आणि मोजकेच वाचक असले की काही अहवालांतील ओळी झाकल्या जातात. मॅटोमो हे मुक्त साधन संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि त्यात पत्त्याचा शेवटचा भाग पुसून टाकण्याची सोय आहे. चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यातील शेवटचा चतुर्थांश पुसला की 256 पत्ते एकसारखे दिसू लागतात. विकिमीडियाने 2023 मध्ये देशनिहाय व पाननिहाय वाचनसंख्या प्रसिद्ध करताना विभेदक गोपनीयता ही पद्धत वापरली, म्हणजे प्रत्येक आकड्यात गणिताने ठरवलेला किंचित यादृच्छिक फरक मुद्दाम मिसळला, जेणेकरून एकूण चित्र टिकावे पण एकट्या वाचकाची भेट त्यातून उकलता येऊ नये. ज्या देशांत वाचकांना किंवा संपादकांना धोका संभवतो त्यांची अशी आकडेवारी प्रसिद्ध करण्याचेही ती टाळते.

एवढी यंत्रणा उभारणे लहान संस्थेच्या आवाक्यात नाही आणि तिला त्याची गरजही नाही. देश, राज्य आणि फार तर महसुली विभाग एवढ्याच पातळीवर वर्षातून दोनदा आकडे काढावेत, ते गरजवंतांच्या संख्येने भागावेत, दहापेक्षा कमी भेटी असलेल्या ओळी कोणालाही दाखवू नयेत आणि मूळ नोंदी तीन महिन्यांत पुसाव्यात, एवढे एका कार्यकर्त्याला साध्या तक्त्यावर अर्ध्या दिवसात जमते. विभागांच्या यादीत जो तळाशी येईल तेथील आशा कार्यकर्ती, ग्रामसेवक, ग्रंथपाल किंवा शाळेचे मुख्याध्यापक यांपैकी निदान पाच जणांना फोन करून संस्थेचे नाव त्यांनी ऐकले आहे काय एवढे विचारावे, आणि शिबिराच्या मांडवाची आगाऊ रक्कम त्यानंतरच द्यावी.